नोकरी सांभाळून पर्यावरणाचं पीजी : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या महिन्यात याच पानावर मी सहज दोन ओळी लिहिल्या, की साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करता करता मी पर्यावरण आणि शाश्वत विकासातलं पीजी केलं, आणि तेव्हापासून मेलबॉक्स भरून वाहतोय. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, ‘कोर्स कुठला चांगला?’ आता याला माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नाही, कारण तुम्ही पुढं त्याचं करणार काय यावर ते आहे, आणि नेमकं तेच बहुतेकांनी लिहिलेलं नाहीये. ज्यांनी लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही, पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. केमिस्ट्री, वय ३५, दोन मुलं. रायगड जिल्ह्यात एका केमिकल कंपनीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट बघतो, शिफ्ट ड्युटी. साहेब म्हणतात, पर्यावरणात मास्टर्स असतं तर तुला एन्व्हायर्नमेंट ऑफिसर केलं असतं. पार्ट टाइम एम.एस्सी. कुठं होईल? की डिप्लोमा पुरेसा आहे?

उत्तर : दादा, आधी साहेबांना विचारा की हे ‘केलं असतं’ लेखी मिळेल का. गंमत नाही करत. एचआरकडे त्या पोस्टची पात्रता लिहिलेली असते, तिथं ‘एम.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स’ असं स्पष्ट असेल तर डिप्लोमा करून तुम्ही परत त्याच दारात उभे राहाल, आणि नुसतं ‘पर्यावरणातलं पदव्युत्तर शिक्षण’ असं असेल तर डिप्लोम्यावर भागेल. तो कागद बघितल्याशिवाय कुठंही एक रुपया भरू नका.

आता पार्ट टाइमचं. हा शब्द आपण सगळे वापरतो, पण संध्याकाळी विद्यापीठात जाऊन पर्यावरणाची एम.एस्सी. करायची अशी सोय आपल्याकडे शोधूनही सापडणं मुश्कील, एम.एस्सी. म्हटलं की दिवसभराचं कॉलेज. त्यामुळं नोकरीवाल्याचं पार्ट टाइम म्हणजे बहुतेक वेळा दूरशिक्षण, नाहीतर ऑनलाइन, नाहीतर एखाद्या संस्थेचा सुट्टीच्या दिवसांत बसवलेला कोर्स. दूरशिक्षणात पहिलं नाव इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं. तिथं एम.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स आहे, त्याला विज्ञानाची पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. आणि पर्यावरण आणि शाश्वत विकासाचा पीजी डिप्लोमा आहे, तो कुठल्याही शाखेच्या पदवीधराला चालतो, कमीत कमी एक वर्षात होतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षं पुरवता येतो. प्रवेश जानेवारी आणि जुलैत, परीक्षा जून आणि डिसेंबरात, प्रादेशिक केंद्रं आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर अशी आहेत.

‘एक वर्ष’ हे वाचून मात्र माणूस फसतो. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. समजा ३२ क्रेडिटचा डिप्लोमा घेतलात तर झाले ९६० तास, म्हणजे वर्षात संपवायचं तर आठवड्याला १८ तासांच्या वर, रोज अडीच तास. नाइट शिफ्ट करून आल्यावर अडीच तास? अहो दुसऱ्या दिवशी पंपाचा नंबर चुकीचा लिहाल रजिस्टरमध्ये. दोन वर्षं धरा, आठवड्याला नऊ तास, ते जमतं. मी रोजचा अभ्यास कधीच केला नाही, ऑफच्या दिवशी पाच तास आणि मधे दोन सकाळी दोन दोन तास, बस. एम.एस्सी.ला याच्या दुपटीहून जास्त धरा, शिवाय प्रॅक्टिकलला सलग रजा लागते ती आधी साहेबांशी बोलून ठेवा.

आणि परीक्षेचा महिना तुमच्या कंपनीच्या कॅलेंडरवर लावून बघा. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात, तेव्हा कुणी रजा मागितली तर चीफ केमिस्ट नुसतं बघायचे. मी डिसेंबरची परीक्षा एकदाही दिली नाही, सगळे पेपर जूनचे. तुमच्याकडे वार्षिक शटडाऊन कधी असतं त्यावरून ठरवा.

आता या कोर्सनं नेमकं काय होतं ते माझ्याच उदाहरणावरून सांगते, थोडं लांबेल. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवायच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या ईटीपीच्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीत, शेणाच्या ट्रॉल्या रिकाम्या व्हायच्या, जिवाणू वाढावेत म्हणून, हे गावातल्या पोरांनाही माहीत. मग हंगामात रोज एक लिटरच्या मोजपात्रात टँकचं पाणी भरायचं, तीस मिनिटं हलवायचं नाही, आणि खाली गाळ किती मिलीलिटर बसला ते लिहायचं. चार वर्षं मी ते लिहीत होते. का लिहितो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं, सही करायची आणि घरी जायचं. एका हंगामात गाळ बसेचना. अर्ध्या तासानं बघावं तर ७८० मिलीलिटर, वर दोन बोटं पाणी आणि तेही गढूळ. जुना ऑपरेटर म्हणाला तुरटी टाका. टाकली, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच.

त्याच आठवड्यात रात्री अकरा वाजता पोरगं झोपल्यावर मी सांडपाण्याचं प्रकरण वाचत होते आणि त्यात ते गणित आलं, की बसलेल्या गाळाचा आकडा गुणिले हजार, भागिले टँकमधल्या जिवाणूंचं प्रमाण. आमचं प्रमाण लिटरला ३००० मिलीग्रॅमच्या आसपास असायचं. म्हणजे २६०. पुस्तक म्हणतंय १५० च्या वर गेलं की गाळ फुगलाय, तंतूसारखे जिवाणू माजलेत, आणि त्याची कारणं दिलीत त्यात एक कारण नायट्रोजन-फॉस्फरसची उपासमार. साखरेच्या सांडपाण्यात गोड भरपूर, बाकी काही नाही, म्हणून बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, १०० असेल तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ या हिशोबानं युरिया-डीएपी द्यावं लागतं. सकाळी जाऊन स्टोअरचं रजिस्टर काढलं तर तीन आठवडे ईटीपीला युरियाचं पोतंच इश्यू झालेलं नाही, इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, कुणाच्या तरी टेबलावर पडून. पोती सुरू झाल्यावर गाळ ताळ्यावर यायला पुढं वीस-बावीस दिवस लागले.

प्रमोशन? नाही, लगेच नाही मिळालं. पण त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी सॅम्पल घ्यायला आले की साहेब मला पुढं करायला लागले आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मी फक्त हीच गोष्ट सांगितली, सर्टिफिकेट कुणी उघडूनही पाहिलं नाही. तुमच्या हाताखाली ईटीपी आहे दादा, दिवसभराच्या कॉलेजातल्या मुलांना तिथं शिरायला पत्रं घेऊन फिरावं लागतं. प्रोजेक्ट तिथंच करा, फक्त आकडे वापरायची लेखी परवानगी घ्या. आणि अभ्यास सुरू असतानाच दोन कामं अंगावर घ्या, घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न ३० जूनच्या आत जातं ते आणि पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरच्या आत जातं ते. हे दोन कागद ज्याला स्वतःला भरता येतात तो ऑफिसर व्हायच्या आधीच निम्मा ऑफिसर असतो.

प्रश्न : ताई, मी बी.ए. मराठी. रत्नागिरी जिल्ह्यात एका संस्थेत फील्डवर्कर आहे, महिला गटांचं काम. आमच्याकडे प्रकल्प येतात, जनसुनावण्या होतात, आम्हाला काही कळत नाही. सायन्स नसताना हा अभ्यास झेपेल का? इंग्रजीचीही भीती वाटते.

उत्तर : अगं झेपेल, आणि तुझं पत्र वाचून मला वाटलं की असा अभ्यास तूच करायला पाहिजेस. शाश्वत विकासाचा डिप्लोमा किंवा एम.ए. एन्व्हायर्नमेंटल स्टडीज, याला आर्ट्सवाले चालतात. एम.एस्सी.च्या वाटेला जाऊ नकोस, गरजही नाही. पर्यावरणाच्या अभ्यासात केमिस्ट्री एक कोपरा आहे, बाकी जमीन कुणाची, पाणी कुणाचं, निर्णय कोण घेतो हेच सगळं आहे आणि ते तू रोज बघतेस.

इंग्रजीचं खरं आहे, पुस्तकं इंग्रजीत येतात आणि भाषा रुक्ष असते. मी एक वही केली होती, डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला, पण आपला म्हणजे शब्दकोशातला नाही, गावात बोलतात तो. वॉटरशेड म्हणजे पाणलोट हे पुस्तकातलं झालं, पण आमच्या सासरी त्याला सरळ ‘वगळीचा भाग’ म्हणतात आणि तसं लिहिलं की डोक्यात चित्र उभं राहतं. सहा महिन्यांत वही भरली आणि भीती गेली.

आता जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयएची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायची अधिसूचना आहे, तिच्यानुसार बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते. कमीत कमी ३० दिवस आधी नोटीस, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला प्रतिनिधी, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. आणि त्या ईआयएच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावाच लागतो. म्हणजे मराठीत. तो मराठी सारांश कधी वाचलायस का? मी वाचलेत, ढिगानं. एकात ‘फरारी धूळ’ असा शब्द होता. दोनदा वाचला तेव्हा लक्षात आलं की फ्युजिटिव्ह डस्ट, म्हणजे चिमणीतून न येता रस्त्यावरून, खडीच्या ढिगावरून उडते ती धूळ, तिचं कुणीतरी डिक्शनरी लावून भाषांतर केलंय. आता सांग, फरारी धूळ वाचून कुठली बाई उठून विचारणार की ताडपत्री लावणार का, पाणी मारणार का, दिवसातून किती वेळा?

तर हे काम आहे आणि ते करणारी माणसं कमी आहेत. बी.ए. मराठी प्लस पर्यावरणाचा डिप्लोमा हे कागदावर विचित्र दिसतं, पण गावकऱ्यांना अहवाल समजावून सांगणारी व्यक्ती संस्थांना पण लागते आणि कन्सल्टन्सीला पण. कन्सल्टन्सीत जायचं मनात असेल तर हे लक्षात ठेव, ईआयए करणाऱ्या टीमला क्यूसीआय-नॅबेटची, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यता मंडळाची मान्यता लागते आणि त्यात हवा, पाणी, जैवविविधता, सामाजिक-आर्थिक असे एकेका विषयाचे तज्ज्ञ वेगळे धरतात, शिक्षण आणि अनुभव दोन्ही तपासून. एकट्या डिप्लोम्यावर तज्ज्ञ म्हणून नाव लागत नाही, सुरुवात टीममधली एक म्हणून होते.

प्रोजेक्टसाठी तुझ्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, मागून बघ. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समिती आणि नोंदवही असायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीकडून भरून कपाटात ठेवलेली सापडते, शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्यांत झाडांची यादी सेम टू सेम. तुझ्या गटातल्या बायकांना घेऊन एकच पान नव्यानं भर, समजा पावसाळ्यातल्या रानभाज्यांचं, कुठली भाजी कुठल्या सड्यावर मिळायची आणि आता का मिळत नाही. एवढ्यावर प्रोजेक्ट उभा राहतो.

प्रश्न : एका संस्थेचा फोन आला होता, सहा महिन्यांत एम.एस्सी., परीक्षा घरून, डिग्री मागच्या तारखेची पण मिळेल म्हणाले. घेऊ का? – नांदेड

उत्तर : मागच्या तारखेची डिग्री ही फसवणूक आहे आणि ती वापरली तर आरोपी तुम्ही. नंबर ब्लॉक करा. कुठलाही दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन कोर्स घ्यायच्या आधी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचं नाव, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही बघायचं. विद्यापीठ मान्य असतं पण नेमका तोच कोर्स यादीत नसतो, असंही होतं. खरी डिग्री असेल तर ‘डिस्टन्सची आहे’ म्हणून लाजायचं कारण नाही, मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीनं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम., लग्नाआधी सीएच्या ऑफिसात होते, आता नऊ वर्षं घरी. ठाण्यात राहते. ईएसजी का काय त्यात खूप जॉब आहेत असं ऐकलं. शाश्वत विकासाचा डिप्लोमा केला तर शिरता येईल का?

उत्तर : ‘खूप जॉब’ असं मी म्हणणार नाही, पण तुमच्यासारखीला जागा आहे, कारण ईएसजी म्हणजे कंपनी पर्यावरण, समाज आणि स्वतःचा कारभार कसा सांभाळते त्याचं मोजमाप, आणि हे काम हिशोबाचं आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यात वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात नऊ तत्त्वं आहेत, पर्यावरण सहावं, आणि तिथं वीज, पाणी, कचरा, कार्बन सगळ्याचे आकडे भरायचे असतात. हे आकडे प्लँटवरून येतात ते कुणी लिटरमध्ये पाठवतं कुणी टँकरमध्ये, कुणी मार्चचं बिल एप्रिलमध्ये टाकतं. ऑडिट केलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. पर्यावरणवाल्यांना व्हाउचर बघायची सवय नसते, तुम्हाला आहे.

पैसे भरायच्या आधी एक करून बघा. तुमच्या सोसायटीचा कार्बन हिशोब काढा. सेक्रेटरीकडून वर्षाची कॉमन मीटरची बिलं आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या घ्या. डिझेल लिटरला साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, वीज युनिटला साधारण ०.७ किलो, विजेचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी काढतं तो ताजा घ्यायचा. जनरेटरचं, म्हणजे आपण स्वतः जाळलेल्या इंधनाचं, झालं स्कोप १, विकतच्या विजेचं स्कोप २. वर्षाला २०० लिटर डिझेल आणि ४०,००० युनिट वीज असेल तर ५३६ किलो आणि २८,००० किलो, म्हणजे सगळं मिळून साडेअठ्ठावीस टन. बघा, जनरेटरच्या धुरावरून सोसायटीत भांडणं होतात आणि सगळा भार तर विजेवर आहे, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले रात्रभर जळणारे दिवे. हे करताना मजा आली तर कोर्स घ्या. कंटाळा आला तर नका घेऊ, कारण नोकरीत हेच रोज करायचंय, फक्त शंभर पट मोठं आणि मार्च-एप्रिलमध्ये रात्री नऊपर्यंत.

सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर पर्यावरणाचे कोर्स फुकट बघता येतात, फी फक्त परीक्षेला बसायचं तर. दोन महिने तिथं काढा आणि मग ठरवा. नऊ वर्षांच्या गॅपबद्दल मुलाखतीत विचारतील, तेव्हा सोसायटीचा हिशोब पुढं ठेवा.

प्रश्न : मी गोव्यात बँकेत आहे, तिसवाडीत घर. अभ्यास हौसेसाठी करतोय, डिप्लोम्याला ॲडमिशन झालंय. प्रोजेक्टला मायनिंग घ्यावं असं वाटतं कारण गोव्याचा तोच मोठा विषय. बरोबर का?

उत्तर : विषय मोठा आहे हेच तर अडचणीचं आहे. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या तेव्हापासून त्यावर इतकं लिहून आलंय की तुम्ही बँकेच्या सुट्टीत नवीन काय शोधणार? खाणीत आत सोडणार नाहीत, आकडे मिळणार नाहीत, शेवटी पेपरातली कात्रणं जोडाल. मी गाईड असते तर नाही म्हटलं असतं.

तुम्ही तिसवाडीत राहता म्हणजे खाजन, खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, दाराशी आहे. बांध घालून खारं पाणी अडवायचं, मानसीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून भरती-ओहोटीच्या जोरावर पाणी आत-बाहेर करायचं, पावसाळ्यात खारं पाणी सोसणारं कोरगुट भात आणि नंतर मासळी, शेकडो वर्षांची ही रचना, आणि ती चालते कशी हे बघायला फक्त गमबूट आणि भरतीचं वेळापत्रक लागतं. एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, विकत घ्या, काही शेकड्यांत मिळतो, फक्त त्याची वरची मर्यादा किती ते बघून घ्या कारण साधे मीटर खाडीच्या पाण्यात आकडा दाखवणंच बंद करतात, मग नमुना पिण्याच्या पाण्यात दहापट पातळ करून मोजायचा, त्या पाण्याचा टीडीएस आधी मोजून त्याचा नऊ-दशांश भाग वजा करायचा आणि मग दहानं गुणायचं. मानसीच्या आत एक जागा, बाहेर एक, आणि जिथं बांध फुटलाय तिथं आत एक. दर पंधरवड्याला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला मोजा, उधाण तेव्हाच असतं. सोबत बांध फुटलेल्या शेतात खारफुटी कुठवर आलीय त्याचे एकाच जागेवरून फोटो.

यात खरा पेच आहे बरं का. खारफुटी वाढली की एक पर्यावरणवाला खूश होतो, आणि शेतकरी म्हणतो माझं शेत गेलं, आता ती कायद्यानं तोडताही येत नाही. शाश्वत विकास म्हणजे काय यावर १९८७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, प्रत्येक जण पहिल्या पानावर उतरवतो. तुम्ही ती उतरवा आणि मग त्या फुटलेल्या बांधावर उभं राहून विचारा की इथं पुढची पिढी म्हणजे कोण, आणि बांध दुरुस्त करायची जबाबदारी कुणाची. गावच्या बांधाचं पूर्वी कोण बघायचं, पैसे कसे जमायचे, हे म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्या. कायद्याच्या बाजूची गोडी लागली तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पर्यावरण कायद्याचा पीजी डिप्लोमा दूरशिक्षणानं करता येतो, पण ते नंतर. आधी मीटर.

प्रश्न : ताई मी २२, यंदा बी.एस्सी. झालो. घरून शिकायचं की पुण्याला जायचं? प्राध्यापक व्हायचंय.

उत्तर : अरे मग विचार कसला करतोस, घरची परिस्थिती असेल तर फुल टाइम एम.एस्सी.च कर. पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, लॅब, सहली, सोबतची पोरं, हे दूरशिक्षणात मिळत नाही आणि २२ व्या वर्षी ते पाहिजे. प्राध्यापकीला डिप्लोम्याचा उपयोग नाही. मास्टर्स ५५ टक्क्यांनी आणि मग नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा, दोन्हींत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, आणि आपली सेट पुणे विद्यापीठच घेतं. जागा मात्र कमी निघतात हे आत्ताच सांगते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांमुळं पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झालाय, पण तो शिकवायला पुष्कळ कॉलेजांत ज्याचा वर्कलोड कमी पडतोय त्याला उभं करतात, मग तो इतिहासाचा असो की पीटीचा. माझ्या कॉलेजात तर हा पेपर वाचून दाखवायचे, अक्षरशः. त्यामुळं प्राध्यापकीबरोबर दुसरा एक रस्ता डोक्यात ठेव.

प्रश्न : पुण्यात राहतो, आयटीत आहे, डिग्री-बिग्री नको, पण निसर्ग समजून घ्यायचाय, शनिवार-रविवार मोकळे असतात.

उत्तर : मग परीक्षांच्या मागं कशाला लागता. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी पुण्यातच आहे, नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा त्यांचा कोर्स फील्डवर नेऊन शिकवण्यासाठी प्रसिद्ध आहे, यंदाचं वेळापत्रक त्यांना विचारा. पक्षी, फुलपाखरं अशातलं काही हवं असेल तर मुंबईच्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स बघा. चांगले बूट घ्या.

प्रश्न : माझी मिसेस शाळेत नोकरी करून हा डिप्लोमा करतेय, जूनला परीक्षा. मी काय मदत करू शकतो? विषयातलं मला काही येत नाही. – सांगली

उत्तर : अहो, तुमचं पत्र मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, मुद्दाम. विषयातलं येण्याची काहीच गरज नाही. रविवारी दहा ते एक मुलांना घेऊन घराबाहेर पडा, ‘आवाज करू नका’ असं म्हणत घरातच बसू नका. मे महिन्यात तिच्याकडून तीन तासांचा पेपर हातानं लिहून घ्या, घड्याळ लावून, कारण बारा-पंधरा वर्षांनी सलग लिहायला बसलं की दुसऱ्या तासाला बोटं आखडतात, मला पहिल्या पेपरला शेवटचा प्रश्न येत असून लिहिता आला नाही. पाहुणे, हळदी-कुंकू, भिशी यांना नाही म्हणायचं काम जूनपर्यंत तुमच्याकडे घ्या, तिनं म्हटलं तर सून शेफारली होतं, तुम्ही म्हटलंत तर चालतं, आहे हे असं आहे.

आणि असाइनमेंट द्यायला तुम्ही जा. माझ्या दोन असाइनमेंट एका सेंटरवर गहाळ झाल्या, कुठल्या ते नाही लिहीत, काउंटरवरचे काका म्हणाले ठेवून जा मॅडम, मी ठेवून आले, पोच मागितली नाही. त्या विषयात पेपर ६८ आणि निकालात ‘अपूर्ण’, पुढं सहा महिने अर्ज आणि फेऱ्या, शेवटी दोन्ही परत हातानं लिहून काढल्या, पन्नास पानं. तर आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, मग जमा करा, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका, मागची रांग कितीही ओरडू दे. ऑनलाइन अपलोड असेल तर सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट काढून तिच्या मोबाइलवर आणि तुमच्याही.